मागाचा आवाज थांबला की झोप मोडते: शेवटची तारीख नसलेल्या अडचणीत मन कसे सावरावे?

आडवाधागा (इचलकरंजी)

नमस्कार. मी इचलकरंजीतला खर्चीवाला यंत्रमागधारक आहे. या व्यवसायाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, की आमच्याकडे सूत आणि बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, व्यापाऱ्याचे असते, माग, वीज आणि कामगार आमचे असतात, आणि कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसले, म्हणजे पीक किती, यावर पैशांत मोजलेली मजुरी आमच्या पदरात पडते. माझे सोळा साधे माग आहेत. त्यांतले चार वडिलांनी जुने विकत घेऊन बसवले होते, बाकीचे मी वाढवले.

गेल्या दीड वर्षापासून या सोळांपैकी कधी सहा चालतात, कधी नऊ. काम एकदाचे पूर्ण बंद झाले असते तर बरे झाले असते, असे मला अलीकडे मनापासून वाटू लागले आहे आणि हा विचार माझा मलाच विचित्र वाटतो. पंधरा-पंधरा दिवस बीम येत नाही, आता माग विकून मोकळे व्हावे असे ठरत येते, आणि नेमका त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन येतो की दोन बीम पाठवतो, सांधून घ्या. पुन्हा आशा लागते, कामगाराला गावाहून बोलावून घेतो आणि महिन्याभरात परत तेच. मागच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या एकाने बारा माग भंगारात दिले. बिडाचे सांगाडे घणाने फोडून टेम्पोत भरत होते, तेव्हा मी तिथे अर्धा तास उभा राहिलो आणि घरी येऊन कोणाशीही बोललो नाही.

मी लहानपणापासून मागांच्या खडखडाटात झोपलेला माणूस आहे, कारण कारखाना घराच्या पाठीमागेच आहे. रात्रपाळी बंद केल्यापासून पहाटे तीनच्या सुमारास शांततेनेच जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोक्यात हिशेब चालू राहतो. राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाचे दोन हप्ते थकले आहेत आणि एका व्यापाऱ्याकडे चार महिन्यांची मजुरी अडकली आहे. यातले किती बायकोला ठाऊक आहे, हे मला माहीत नाही, कारण मी पूर्ण कधी सांगितलेलेच नाही. परवा मुलाने खोलीतला पंखा चालू ठेवला म्हणून मी त्याला इतके बोललो की तो बारावीचे पुस्तक तसेच टाकून बाहेर निघून गेला.

धीर धरा, हेही दिवस जातील, हे मला अनेकांनी सांगून झाले आहे आणि ते सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण ज्या अडचणीला शेवटची तारीखच नाही, तिच्यात धीर किती दिवस आणि कशाच्या भरवशावर धरायचा, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल काय?

---

शांतपणे_बोलूया (सांगली, समुपदेशक)

दादा, पूर्ण बंद झाले असते तर बरे, हा तुमचा विचार विचित्र नाही, हे आधी सांगते. २०१६ साली लंडनमधल्या संशोधकांनी ४५ स्वयंसेवकांवर एक प्रयोग केला होता. संगणकाच्या पडद्यावरचे दगड उलटत जायचे आणि त्याखाली साप निघाला तर हाताला विजेचा बारीकसा पण दुखणारा झटका बसायचा. झटका नक्की बसणार हे ठाऊक असतानापेक्षा, तो बसेल की नाही याची शक्यता अर्धी-अर्धी असतानाच माणसांच्या शरीरावर ताणाची लक्षणे सर्वांत जास्त दिसली. तळहाताचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या दोन्ही मोजल्या होत्या. तुमच्या बीमची गत नेमकी या अर्ध्या-अर्ध्या शक्यतेची आहे. त्यामुळे तुम्ही कमजोर पडला आहात असा निष्कर्ष काढू नका. बंद दुकानापेक्षा अर्धे उघडे दुकान मनाला जास्त थकवते.

यावर माझ्या कामात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट अगदी साधी आहे. परिस्थितीला शेवटची तारीख नसेल, पण तुमच्या निर्णयाला ती असू शकते. एक दिवस ठरवा, एक आकडा ठरवा आणि दोन्ही कागदावर लिहा: अमुक तारखेपर्यंत सरासरी इतके माग चालले नाहीत तर मी इतके विकेन, चालले तर ठेवेन. हा कागद केल्यावर पहाटे तीनला 'विकू की ठेवू' हा प्रश्न डोक्यात आला, तर तो त्या तारखेचा प्रश्न आहे, आजचा नाही, असे स्वतःला सांगता येते. प्रश्न जात नाही, पण रोज नव्याने सोडवावा लागत नाही.

दुसरे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, ती आपल्याकडे बरीच रुजली आहे. तिचे म्हणणे असे की घटना आणि आपली अस्वस्थता यांच्या मध्ये आपण स्वतःशी बोललेले एक वाक्य असते आणि ते शोधावे लागते. तुमच्या लिहिण्यात वडिलांच्या चार मागांचा उल्लेख आला, म्हणून विचारते: 'वडिलांनी बसवलेले माग माझ्या हातून गेले तर माझ्या असण्याला काही अर्थ नाही', असे काहीसे वाक्य आत आहे का? असेल तर ते तपासा. माग जाणे हे दुःख आहे आणि ते दुःख व्हायलाच हवे. त्यावरून स्वतःची किंमत ठरवणे हे आपण वरून चढवलेले ओझे आहे.

झोपेविषयी: जाग आली आणि वीस-पंचवीस मिनिटांत परत डोळा लागला नाही, तर अंथरुणात तळमळत राहू नका. उठून दुसऱ्या जागी बसा, हिशेब वहीत उतरवा आणि झोप आली की परत जा. सकाळी उठण्याची वेळ मात्र काही झाले तरी बदलू नका. आणि एक स्पष्टच लिहिते. सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, जेवण सुटले असेल किंवा आपण नसतो तर बरे असे मनात येत असेल, तर इथल्या उत्तरांवर थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते.

---

गिरणगावची (लालबाग, आता डोंबिवली)

तुमचे लिहिणे वाचून मला माझे वडील दिसले, म्हणून लिहिते आहे.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि हा संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केले नाही. म्हणजे शेवटची तारीख नाही, हे तुमचे म्हणणे आमच्या चाळीने शब्दशः जगले आहे. पहिले काही महिने वडील सभांना जात, मोर्चात जात, रात्री जोरजोरात बोलत आणि खरे सांगायचे तर तेव्हा ते आनंदात असत. त्यानंतर 'पुढच्या महिन्यात मिटणार' ही बातमी दर महिन्याला यायची आणि दर महिन्याला ते थोडे गप्प होत जायचे. पाळीच्या भोंग्यावर उठणारा माणूस नऊ-दहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडू लागला. मनगटावरचे घड्याळ त्यांनी कधी काढून ठेवले ते आम्हाला कळलेही नाही. गहाण पडले असावे असे आई समजत होती, ते ट्रंकेत सापडले.

पुढे नोकरीच्या निमित्ताने काही वाचन झाले, तेव्हा व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल नावाच्या वस्तीविषयी वाचले. १९३० च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोकांचे आयुष्य बारकाईने टिपले. त्यांनी खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या चालण्याचा वेगही मोजला. पुरुष बायकांपेक्षा सावकाश चालत आणि मध्येच थांबत. वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण, वेळ भरपूर असूनही, घटले होते. मला हे वाचून रडू आले, कारण वडिलांना आम्ही आळशी म्हणत होतो.

त्या गावात बायकांची चाल का टिकली, याचे उत्तर मला आमच्या खोलीत मिळते. आईची खाणावळ होती. तिचे गिऱ्हाईक म्हणजे गिरणीतलीच एकटी माणसे, ती एकेक करून गावी निघून गेली आणि जाताना कित्येकांची उधारी तशीच राहिली. म्हणजे तिचाही धंदा बुडाला होता. पण चार जण असोत की चौदा, तिची चूल पाच वाजता पेटायची. नंतर तिने कचेऱ्यांचे डबे सुरू केले आणि ते पोहोचवायचे काम वडिलांना दिले. ते चिडले, पण डबा साडेबाराला पोहोचलाच पाहिजे म्हणून ट्रंकेतले घड्याळ परत हातावर आले.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की जे माग बंद आहेत त्यांच्यापाशीही रोज ठरल्या वेळी जा, तेलपाणी करा, झाडून घ्या. आणि वहिनींना सगळे सांगा. आमच्या आईला वडिलांच्या कर्जाचा शेवटचा आकडा सावकाराच्या तोंडून कळला. त्या एका गोष्टीबद्दल तिने त्यांना पुढची वीस वर्षे क्षमा केली नाही. पैशाबद्दल केव्हाच केली होती.

---

चाळीतलाकांदा (निफाड)

ताईंची चाळ वेगळी आणि आमची वेगळी. आमच्या चाळीत कांदा राहतो.

७ डिसेंबर २०२३ ला संध्याकाळी लाल कांदा ट्रॅक्टरमध्ये भरून ठेवला आणि रात्रीतून निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. आधी ३१ मार्चपर्यंत म्हणाले, मग ती लांबली, आणि ४ मे २०२४ ला उठली तीही टनाला ५५० डॉलर किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. त्या पाच महिन्यांत भावाचा अंदाज बांधण्यात माझी जेवढी शक्ती गेली तेवढी नांगरटीत गेली नसेल. दिवसातून पन्नास वेळा मोबाइलवर लासलगावचे भाव बघायचो आणि बघून काहीही करायचो नाही.

तेव्हापासून उन्हाळ कांद्याचे तीन भाग करतो. एक भाग आषाढी एकादशीच्या आठवड्यात, दुसरा गणपतीत, तिसरा घटस्थापनेपर्यंत, आणि त्या वेळी जो भाव असेल त्या भावाने विकतो. कधी शेजाऱ्याला माझ्यापेक्षा चांगला भाव मिळतो, कधी त्याचा कांदा चाळीत सडतो आणि वास माझ्या ओट्यापर्यंत येतो. सरासरीत मला फार फायदा झाला असे नाही, पण मधल्या दिवसांत मी मोबाइल घरात ठेवून रानात जाऊ शकतो. सांगलीच्या ताईंनी तारीख आणि आकडा म्हटले आहे, ते मी कोणी न सांगता याच रस्त्याने शिकलो. फक्त एक सांगतो, तारीख आपल्या मनाने पुढे ढकलायची नाही. एकदा ढकलली की ती तारीख राहत नाही.

---

ओतारी (कोल्हापूर, शिरोली)

वरची सगळी उत्तरे चांगली आहेत, तरी मला थोडे विरुद्ध बोलायचे आहे. माझा लहानसा ओतकामाचा कारखाना आहे आणि २०२० साली मी तुमच्याच जागी होतो. त्या वेळी मला मन खंबीर करण्याचे सल्ले इतके मिळाले की दोष माझ्या मनातच आहे असे मला वाटू लागले. प्रत्यक्षात दोष माझ्या येणे असलेल्या पैशांच्या वसुलीत होता. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला होता. तोडणीआधी, पैशाची चणचण असताना, हीच माणसे बुद्धीच्या चाचण्यांत कमी पडत आणि उसाचे पैसे आल्यावर तीच माणसे त्याच चाचण्या चांगल्या सोडवत. माणूस तोच, डोके तेच. तेव्हा आधी चणचण थोडी सैल करा, मन पुष्कळसे आपोआप सैल होते.

दोन कामे करा. पहिले, बँकेत स्वतःहून जा. हप्ता थकून नव्वद दिवस झाले की खाते अनुत्पादित (एनपीए), म्हणजे थकीत कर्जाचे, धरले जाते आणि मग शाखाधिकाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. त्याआधी गेलात तर लहान उद्योगांच्या पुनरुज्जीवनासाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये घालून दिलेली एक चौकट आहे. तिच्याखाली हप्ते लांबवून मागण्याचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता. मी साठाव्या दिवशी गेलो होतो. बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसलो आणि दोनदा उठून चाललो होतो. आत गेल्यावर बोलणे दहा मिनिटांत आटोपले. तुमचे दोन हप्ते थकले आहेत, म्हणजे तुमच्याकडेही दिवस फार नाहीत.

दुसरे, उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर ती करून घ्या, तिला पैसे लागत नाहीत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. चार महिन्यांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्याकडे पैसे मागताना आपल्याला लाज वाटते, ही खरे तर मानसशास्त्राच्या ताईंनी तपासण्यासारखी गोष्ट आहे.

---

शांतपणे_बोलूया

ओतारीदादा, लाजेचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि माझ्या उत्तरात तो यायला हवा होता. माझ्याकडे येणारे बहुतेक पुरुष कर्जापेक्षा कर्ज कळण्याला जास्त भितात. तुमच्या म्हणण्यात एकच भर घालते. बँकेच्या बाकावरून दोनदा उठलेला माणूस तिसऱ्यांदा आत गेला, ते जमले कसे? चणचण सैल करायची पहिली पायरी चढण्यापुरते तरी मन आधी हाती असावे लागते.

---

ओतारी

जमले असे, की सोबत बायको होती आणि ती उठली नाही.

---

आडवाधागा (इचलकरंजी)

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काही केल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही असे ठरवले होते.

गिरणगावच्या ताईंचा शेवटचा परिच्छेद वाचला त्याच रात्री बायकोला सगळे सांगितले. थकलेल्या हप्त्यांचा आकडा मी सांगण्याआधी तिनेच सांगितला, कारण पासबुक भरून आणायला ती मुलाला पाठवत होती. म्हणजे बारावीतल्या पोरालाही ठाऊक होते आणि त्या दिवशी तो पंख्यावरून बाहेर गेला नव्हता. तिला माहीत नव्हते ते फक्त अडकलेल्या मजुरीचे, आणि त्यावर ती जास्त चिडली. तारीख आणि आकडा आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे: ३१ मार्चपर्यंत सरासरी दहा माग चालले नाहीत तर दहा विकायचे आणि सहा ठेवायचे. मी वडिलांचे चार ठेवा म्हणत होतो. ती म्हणाली, ते सर्वांत जुने आहेत, जास्त धागा तोडतात, ठेवायचे तर नंतरचे ठेवा. यावर अजून एकमत नाही.

बँकेत गेलो, अर्ज दिला, उत्तर यायचे आहे. जाग अजून येते, पण रोज नाही. आली की मागच्या दाराने कारखान्यात जाऊन बसतो आणि वहीत लिहितो. बंद मागांना आठवड्यातून दोनदा तेल घालतो आहे. कामगार हसतो, पण येतो मदतीला.

ओतारीदादा, एक अडचण आहे. ज्या व्यापाऱ्याकडे मजुरी अडकली आहे, बीमही मुख्यतः तोच देतो. त्याच्यावर तक्रार केली तर पैसे कदाचित येतील, पण काम नक्की जाईल. अशा वेळी काय करतात?

---

ओतारी

तक्रार करू नका. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापून घ्या आणि जुन्या थकबाकीचा हिशेब त्याच क्रमांकासह टपालाने पाठवा, सोबत एक शब्दही नको. १ एप्रिल २०२४ पासून आयकरात अशी तरतूद लागू आहे, की आपल्यासारख्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च समोरच्याला वजावटीत धरता येत नाही. तुमच्याशी तो बोलणार नाही, पण मार्च जवळ आला की त्याचा सीए त्याच्याशी बोलेल. माझ्याकडे दोघांचे पैसे असेच आले आणि दोघांचेही काम अजून चालू आहे.

आणि मागांच्या बाबतीत वहिनींचे ऐका. जास्त धागा तोडणारा माग मजुरीही तोडतो.